कूलर बंद करून पाहिलेला फुटबॉल

शनिवारी, १३ मार्च २०२१ ला आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल लीगची फायनल झाली आणि सोमवारपासून नागपुरात पुन्हा लॉकडाउन लागला, २१ तारखेपर्यंत. मैदान बंद, पोरी आपापल्या घरी, मी माझ्या घरी. गेले दहा महिने लिहीन लिहीन म्हणत होते, ते आता लिहूनच टाकते.

हा रिव्ह्यू एखाद्या टीव्हीचा किंवा अ‍ॅपचा नाही. कोरोनात रिकाम्या स्टेडियममध्ये जो फुटबॉल झाला, तो आपल्याला घरी कसा दाखवला गेला, त्या प्रक्षेपणाचा आहे. त्यातही आवाजाचा. चित्राबद्दल मला तक्रार नाही. आवाजाबद्दल मात्र दोन्ही टोकांचं बोलायचं आहे, कारण या दहा महिन्यांतला सगळ्यात चांगला अनुभव आवाजानंच दिला आणि सगळ्यात वाईटही.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. मी बारा वर्षं गोलकीपर होते. आता शाळेत पीटी शिकवते आणि संध्याकाळी मुलींना फुटबॉल. बाबा रेल्वेच्या मोतीबाग वर्कशॉपमधून रिटायर झाले. त्यांच्या काळात ते लेफ्ट बॅक, म्हणजे बचावात डावीकडे, खेळायचे. वर्कशॉपच्या ठोकाठोकीत कान गेले. उजव्या कानाला काहीच ऐकू येत नाही, डाव्यात मशीन आहे. गेली सात-आठ वर्षं ते टीव्हीवर मॅच पाहायचे ती आवाज बंद करून. मशीन सगळंच मोठं करतं. हजारो लोकांचा गोंगाट आणि समालोचकाचं बोलणं एकमेकांत कालवून कानात ओततं. ते म्हणायचे, कानात गिरणी चालल्यासारखं वाटते.

१६ मे २०२० चा शनिवार. लॉकडाउनचा तिसरा टप्पा संपायला एक दिवस होता. सतरंजीपुरा, मोमिनपुरा या वस्त्या सील होत्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू लावलेले. जगातल्या मोठ्या लीगमधली पहिली पुन्हा सुरू झालेली लीग म्हणजे जर्मनीची बुंडेसलिगा, आणि पहिल्याच दिवशी डॉर्टमुंड विरुद्ध शाल्के. आपल्याकडे संध्याकाळी सात वाजता. मी साडेसहालाच टीव्हीसमोर बसले होते. मार्चपासून युरोपात बेलारूसची लीग तेवढी चालू होती, तीही मी पाहिली होती, एकही नाव ओळखीचं नसताना.

मे महिना, नागपूर. कूलर नसेल तर घरात बसवत नाही. आमचा कूलर जुना, पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्या लावलेला, आणि त्याचा पंखा घरघरतो. मॅच सुरू झाली. मी टीव्हीचा आवाज वाढवला. कूलरच्या घरघरीतून मधेच एक आवाज आला, माणसाचा, ओरडलेला. मग बूट बॉलवर बसल्याचा. बाबा सवयीनं रिमोट मागत होते, आवाज बंद करायला. मग त्यांचा हात तसाच राहिला.

"कोण ओरडला?"

"त्यांचा बॅक असेल, बाबा."

"बंद कर व तो कूलर."

मी म्हटलं, बाबा, जीव जाईल गर्मीनं. ते म्हणाले, "येऊ दे घाम. बंद कर. मले ऐकू येऊन राहिलं."

मी उठले आणि कूलर बंद केला. पंखा हळूहळू थांबला, टाकीतलं पाणी टपटपलं, आणि मग खोलीत फक्त ती मॅच उरली. ८१ हजार लोकांच्या स्टेडियममध्ये बावीस जण, पंच, आणि बाकावर एकमेकांपासून लांब, मास्क लावून बसलेले राखीव खेळाडू. बॉलचा आवाज मी इतकी वर्षं खेळूनही टीव्हीवर असा कधी ऐकला नव्हता. पायाच्या साइडने मारलेला पास टप् असा येतो, बुटाच्या लेसवर घेतलेला शॉट धप्प. बॉल पोस्टच्या बाहेरून जाऊन मागच्या फळीवर आपटला की रिकाम्या स्टँडमधून त्याचा पडसाद परत येतो. २९व्या मिनिटाला डॉर्टमुंडच्या हालांडनं गोल केला, हझार्डच्या क्रॉसवर, साधा, डाव्या पायाचा. बॉल जाळ्यात गेला तेव्हा मी जाळ्याचा आवाज ऐकला. दोरीचा. बाबांनी मान हलवली. त्यांनीही ऐकला होता.

डॉर्टमुंड ४-० जिंकलं. शेवटी त्यांचे खेळाडू त्या दक्षिणेकडच्या स्टँडसमोर गेले. तिथे नेहमी पंचवीस हजारांच्या आसपास लोक उभे राहून मॅच पाहतात, पिवळी भिंतच म्हणतात तिला. त्या रिकाम्या पायऱ्यांसमोर उभं राहून त्यांनी नेहमीसारखं अभिवादन केलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. कूलर आम्ही मॅच संपल्यावर लावला. बाबांचा बनियन पाठीला चिकटला होता आणि ते एका मागून एक सांगत होते, कोण ओरडला, कोणी ऐकलं, कोणी नाही ऐकलं. सात-आठ वर्षांनी त्यांनी मॅच नुसती पाहिली नव्हती, ऐकली होती.

त्या पहिल्या आठवड्याच्या प्रक्षेपणाला माझे पाचपैकी पाच. समालोचक इंग्रजी होता, पण तोही गप्प राहायचा मधे मधे. बहुतेक त्यालाही ऐकायचं होतं.

गोलकीपर म्हणून मला यात काय मिळालं ते नीट सांगायला हवं, कारण बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की गोली नव्वद मिनिटं उभा असतो आणि चार वेळा उडी मारतो. तसं नाही. गोलीला समोरचं सगळं मैदान दिसतं, त्यामुळे तो सतत बोलत असतो. मागे माणूस आहे, उजवीकडे सरक, टाइम आहे, बाहेर ढकल, सोड, माझा! हे बोलणं म्हणजेच त्याचा निम्मा खेळ. आणि तोच निम्मा खेळ प्रेक्षकांनी भरलेल्या स्टेडियममधून टीव्हीपर्यंत कधी पोहोचतच नाही. जर्मन मला एक शब्द कळत नाही. पण "माझा" कोणत्याही भाषेत असो, कळतो. तो छोटा असतो, वरच्या पट्टीत असतो, आणि त्यानंतर डिफेंडरचे पाय थांबतात.

२६ मेची डॉर्टमुंड-बायर्न मॅच रात्री दहाला होती. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, नुकताच लागला होता, दिवसा पारा ४५ च्या पुढे, रात्री भिंतीसुद्धा गरम. तरी कूलर बंद. ४३व्या मिनिटाला बायर्नच्या किमिखनं गोलसमोरच्या डीच्या बाहेरून बॉल अलगद उचलला, गोलीच्या डोक्यावरून. डॉर्टमुंडचा ब्युर्की दोन पावलं पुढे होता. तो मागे सरकत गेला, त्याचा हात लागला, पण बॉल थांबला नाही. १-०, तोच निकाल, आणि लीगचा निकालही जवळपास तिथेच लागला. मी तो गोल पुन्हा पुन्हा पाहिला. भरलेलं स्टेडियम असतं तर ओरडण्याच्या लाटेत तो हात लागल्याचा आवाज गेला असता. इथे पंजा बॉलला लागल्याचा तो मऊ, बुळबुळीत आवाज आला, आणि मला माझ्या स्वतःच्या हातून सुटलेले सगळे तसे बॉल आठवले. हात लागतो, आणि पुरत नाही. तो आवाज मला चांगला माहीत आहे.

बायर्नचा थोमास म्युलर तर एकटाच अख्खी टीम चालवत होता तोंडानं. त्याला "रेडिओ म्युलर" म्हणतात हे वाचलं होतं, पण रेडिओ लागलेला आता ऐकला. दुसऱ्या दिवशी मी आमच्या टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोरींना कामाला लावलं. दहा मिनिटांची मॅच पाहा, डोळे मिटून, आणि किती वेळा कोण बोललं ते मोजा. मग प्रत्येकीनं स्वतःचा "माझा!" रेकॉर्ड करून पाठवायचा. पहिले व्हॉइस नोट ऐकले तर सगळ्या कुजबुजत होत्या. घरात ओरडलं तर मोठे रागावतात, शेजारी विचारतात. एकीचे वडील क्वारंटाइन सेंटरवर होते, ती बाथरूममध्ये जाऊन रेकॉर्ड करायची. जूनपर्यंत तिचा आवाज असा झाला की माझ्या मोबाइलचा स्पीकर फाटायचा.

आता दुसरी बाजू.

११ जूनला स्पेनची ला लिगा सुरू झाली, सेव्हिया-बेटिस, आणि १७ जूनला इंग्लंडची प्रीमियर लीग. दोन्हीकडे प्रक्षेपणात प्रेक्षकांचा आवाज मिसळला होता. तो आवाज आला कुठून, तर फिफा या व्हिडिओ गेमसाठी आधी साठवलेल्या खऱ्या स्टेडियमच्या आवाजांतून. कुणीतरी मॅच पाहत बसतो आणि प्रसंग बघून आवाज चढवतो, उतरवतो. स्पेनच्या प्रक्षेपणात तर रिकाम्या स्टँडवर रंगीत प्रेक्षकही चितारले होते. खेळ थांबला, कॅमेरा जवळ गेला, की ते नाहीसे आणि सिमेंटच्या पायऱ्या समोर.

हेतू चांगला असेल. एकट्यानं घरी बसलेल्या माणसाला रिकामेपण खायला उठतं, त्याला सोबत द्यायची, हे मला समजतं. माझी धाकटी बहीण पुण्यात एकटी राहते, तिला तो आवाज आवडला. ती म्हणाली, त्याशिवाय सरावाची मॅच वाटते. तिच्याशी मी वाद घातला नाही. पण ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. खरी गर्दी गोलच्या आधी ओरडते. बॉल विंगला गेला, क्रॉस येणार, तोपर्यंत लोक उठलेले असतात, त्यांचा श्वास आधी येतो. बटण दाबणाऱ्याला आधी कळत नाही, झाल्यावर कळतं. त्यामुळे शॉट बारच्या वरून गेल्यावर "ओऽऽ" असा आवाज अर्धा क्षण उशिरा यायचा. सबंध मॅचभर तो अर्धा क्षण खटकत राहिला, जसं लग्नातल्या व्हिडिओत ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

आणि त्या आवाजाखाली खेळाडू पुन्हा मुके झाले. प्रीमियर लीगच्या पहिल्याच मॅचमध्ये, अ‍ॅस्टन व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेड, नॉरवूडच्या फ्री किकवर व्हिलाचा गोली निलँड बॉल घेऊन मागे गेला तो थेट गोललाइनच्या आत. टीव्हीवर स्पष्ट दिसलं. गोल झाला की इशारा देणारं पंच मायकेल ऑलिव्हरच्या मनगटावरचं घड्याळ वाजलंच नाही, कारण गोललाइनचे सातही कॅमेरे माणसांच्या आणि पोस्टच्या आड आले होते. गोल दिला नाही, मॅच ०-०. शेफील्डचे खेळाडू हात वर करून पंचाकडे धावले. ते काय म्हणाले? पंच काय म्हणाला? ती वेळ ऐकायची होती, आणि नेमकं तेव्हाच आम्हाला व्हिडिओ गेममधली गर्दी ऐकवली गेली.

बाबांनी पहिल्या पाच मिनिटांत मशीन काढून डब्बीत ठेवलं. "गिरणी लागली परत," एवढंच बोलले.

इंग्लंडमध्ये काही प्रेक्षकांना दोन पर्याय होते, गर्दीच्या आवाजासह किंवा नुसत्या मैदानाच्या आवाजासह. तेच मला हवं होतं. मी ज्या अ‍ॅपचे वर्षाचे पैसे भरले होते त्यात मी सगळी सेटिंग्ज पालथी घातली, भाषा बदलून पाहिली, टीव्हीचा साउंड मोड बदलला. पर्याय सापडला नाही. ग्राहक सेवेला लिहिलं की माझे वडील श्रवणयंत्र वापरतात, त्यांना गर्दीचा आवाज नको, मैदानाचा हवा. उत्तर आलं की अ‍ॅप अनइन्स्टॉल करून पुन्हा इन्स्टॉल करा. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, नाव वेगळं. या भागाला पाचपैकी दोन, आणि ते दोनही चित्राला. गर्दीचा आवाज ठेवा, ज्याला हवा त्याला द्या. पण दुसरा पर्याय दिला असता तर नागपुरातल्या एका म्हाताऱ्या लेफ्ट बॅकला सगळा हंगाम ऐकता आला असता. हा खर्च तरी किती आला असता?

कुणी असं समजू नये की मला प्रेक्षक नको आहेत. मी नागपूरजवळच्या कामठीला मॅच पाहत वाढले. तिथे लाइनला चिकटून लोक उभे असायचे, बॉल बाहेर गेला की तोच पोट्टा आत फेकायचा ज्यानं आत्ताच गोलीला शिव्या दिल्या होत्या. त्या गर्दीनं मॅच फिरवलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. जर्मनीत पहिल्या आठवड्यातल्या नऊ मॅचपैकी घरच्या टीमनं एकच जिंकली, ती डॉर्टमुंडनं. माणसं नसली की घर घर राहत नाही. लिव्हरपूल तीस वर्षांनी लीग जिंकलं ते २५ जूनला, स्वतः न खेळता, चेल्सीनं मँचेस्टर सिटीला हरवलं म्हणून. ट्रॉफी मिळाली २२ जुलैला, त्यांच्या अ‍ॅनफिल्ड मैदानाच्या त्या कॉप स्टँडवर मांडव घालून, आणि स्टँडमध्ये ज्यांनी तीस वर्षं वाट पाहिली त्यांतलं कुणी नाही. ते चित्र मला बघवलं नाही. आणि ऑक्टोबरमध्ये तेच लिव्हरपूल व्हिलाकडून ७-२ हरलं, तेव्हाही मला वाटलं, समोर ओरडणारी माणसं असती तर तिसऱ्या गोलनंतर यांची लाज तरी जागी झाली असती.

म्हणून तर खोटा आवाज मला जास्त लागतो. जे नाही ते नाही. जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाख क्लबच्या लोकांनी १९ युरो देऊन स्वतःचे पुठ्ठ्याचे फोटो स्टँडमध्ये उभे केले. ते मला मनापासून आवडलं, कारण त्यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. पुठ्ठा पुठ्ठाच होता, पण तिकिटासारखे पैसे मोजून पाठवलेला.

ऑगस्टमध्ये लिस्बनला चॅम्पियन्स लीग एकाच शहरात उरकली, रात्री साडेबाराच्या मॅचेस. बायर्ननं बार्सिलोनाला ८-२ मारलं त्या रात्री बाबा झोपले होते. मी आवाज बारीक ठेवून पाहिली, आणि पाचव्या गोलनंतर बार्सिलोनाचे डिफेंडर एकमेकांशी बोलायचेच थांबले होते. ते मात्र दिसतं, ऐकावं लागत नाही. त्यावर अजून बोलत नाही.

आयएसएल नोव्हेंबरात सुरू झाली. सगळ्या मॅचेस गोव्यात, तीन मैदानांवर, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. आपली मुंबई सिटी फायनलला पोहोचली, समोर एटीके मोहन बागान. तोपर्यंत आमच्या पोरी मैदानावर परतल्या होत्या, मास्क हनुवटीवर, सॅनिटायझरची बाटली गोलपोस्टला टांगलेली. फायनलच्या आदल्या दिवशी मी त्यांना सांगितलं, दोन्ही गोली बघा, मुंबईचा अमरिंदर आणि बागानचा अरिंदम.

डेव्हिड विल्यम्सनं १८व्या मिनिटाला बागानला पुढे नेलं. २९व्या मिनिटाला मुंबईच्या जाहूचा लांब बॉल आला, बागानचा डिफेंडर तिरी मागे धावत होता, अरिंदम पुढे निघाला होता, आणि तिरीनं डोक्यानं मारलेला बॉल स्वतःच्याच जाळ्यात. १-१. आमच्या ग्रुपवर एकदम मेसेज सुरू झाले: मॅडम, आवाज दिला का? मॅडम, "माझा" म्हटलं का?

मग नव्वदावं मिनिट. पुन्हा लांब बॉल, पुन्हा अरिंदम बाहेर आला. बॉल त्याला नीट बाहेर काढता आला नाही, मुंबईच्या ओग्बेचेनं तो घेतला आणि मधे दिला, बिपिन सिंगनं गोल केला. मुंबई २-१, पहिल्यांदा चॅम्पियन. मुंबई जिंकली म्हणून मी ओरडले, आणि त्याच श्वासात अरिंदमसाठी पोटात कालवलं. सबंध हंगाम तो इतका चांगला खेळला की सर्वोत्तम गोलीचा गोल्डन ग्लव्हही त्यालाच मिळाला. आणि फायनल ठरली ती दोन लांब बॉलवर, जिथे गोली आणि बॅक यांच्यात एका शब्दाचं अंतर होतं. तो शब्द उच्चारला गेला की नाही, हे समालोचकाच्या आरोळीत ऐकूच आलं नाही. दहा महिने रिकाम्या स्टेडियममध्ये खेळ चालला आणि शेवटच्या मॅचमधला सगळ्यात महत्त्वाचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचला नाही, ही माझी या प्रक्षेपणाबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार.

काल दुपारी बाबांनी मशीन लावलं आणि मला मोबाइलवर मुंबईचा तो पहिला गोल लावायला सांगितला, तिरीचा. कान स्पीकरला टेकवून बसले. मी पंखाही बंद केला.

"यानं आवाज दिला व?"

"कळत नाही, बाबा. तो समालोचक बोलून राहिला."

"मी लेफ्ट बॅक होतो. गोली बोलला नसन तर बॅक डोकं मारणारच. त्याची चूक नाही."

"आणि बोलला असेल तर?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लाव परत."